ऐन जुलैत एकटीनं कोकण किनारा, पाठीवर सॅक आणि एसटी: अडलं तर काय करायचं?

पायवाट
नमस्कार मंडळी.
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरपासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं ठरवते आहे. एकटीच. स्वतःची गाडी नाही. एसटी, फेरीबोट, वडाप आणि जिथे काहीच नसेल तिथे पाय. ढोबळ मार्ग असा: गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून बोटीनं जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, आडिवरे, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण. परतीला कुडाळहून रेल्वे.

पावसाळ्यात कोकण किती हिरवंगार दिसतं यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते वाचूनच जाते आहे. मला विचारायचंय ते दुसरंच. गाडी आलीच नाही, बोट बंद, मुक्कामाच्या घराला कुलूप, दोन दिवस वीज नाही, मोबाईल भिजला, पाय मुरगळला, अशा वेळी एकट्या माणसानं नेमकं काय करायचं? दोघं असले की एक सामानापाशी थांबतो आणि दुसरा चौकशीला जातो. एकटीला दोन्ही करायचं असतं, तेही भिजत. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी कृपया तपशिलात लिहा. 'काळजी घ्या' एवढंच नको.

चहाबिस्किट
वाचतोय. मलाही जायचंय.

एष्टीचा_पास
छान धागा. एसटीवर विसंबून फिरणाऱ्यांना ऑफ सीझनमध्ये सगळ्यात जास्त अडवतं ते वेळापत्रक, पाऊस त्यानंतर. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, आषाढी. एकादशीच्या आधीनंतरचे काही दिवस राज्यभरातून पंढरपूरला हजारो जादा गाड्या सुटतात. त्या कुठल्या तरी आगारातूनच काढलेल्या असतात, त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या फेऱ्या कमी होतात किंवा रद्द होतात. गणपतीच्या आधीही तेच, तेव्हा गाड्या मुंबईकडे वळतात. तुमच्या तारखा आणि आषाढी जवळजवळ येतायत का, आधी कॅलेंडर बघा.

दुसरी, शाळा. जूनच्या मध्यापासून आतल्या गावांच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळांवर चालतात. म्हणजे सोमवार ते शनिवार गाडी आहे आणि रविवारी नाही. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली की त्या फेऱ्याही बहुधा गेल्याच. त्यामुळे शाळेच्या सुट्टीची बातमी तुमच्याही कामाची.

तिसरी आणि सगळ्यात उपयोगी. स्टँडवर 'अमुक गाडी आहे का?' असं विचारू नका. फळ्यावर आहे म्हणून 'आहे' असंच उत्तर मिळतं. 'काल ती गाडी आली होती का? किती वाजता?' असं विचारा, आणि नियंत्रकाइतकंच शेजारच्या टपरीवाल्यालाही विचारा. काल आली असेल तर आज येण्याची शक्यता चांगली.

शिवाय वस्तीची गाडी. संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. आडगावात मुक्काम असेल तर वस्तीच्या गाडीनं जा. सकाळी गावातून बाहेर पडायची सोय आदल्या रात्रीच गावात येऊन उभी असते. एकट्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही.

महिलांना तिकीट अर्धं आहेच (मार्च २०२३ पासून). त्यामुळे चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास तुम्हाला परवडतो का, ते हिशेब करून बघा.

लांबचा_थांबा
मी विरोधी सूर लावणार आहे, राग मानू नये.

माझं घर चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. एसटी आगारात गाड्या बुडाल्या, आणि आगारातले कर्मचारी रोकड सांभाळत एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून होते. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. अशा दिवसांत गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःच्या घराचं ओझं असतं. त्यात बाहेरून आलेली एकटी व्यक्ती म्हणजे आणखी एक जबाबदारी. 'अडलं तर लोक मदत करतात' हे खरंच आहे. पण त्या भरवशावर निघावं का? जुलैच का? सप्टेंबरच्या शेवटी जा. तेव्हाही गर्दी नसते, हिरवंही असतं.

पायवाट
@लांबचा_थांबा, राग कसला, उलट आभार. जुलैच, कारण माझ्या कामात रजा तेव्हाच मिळते. ओझं होऊ नये म्हणूनच तर विचारते आहे.
@एष्टीचा_पास, 'काल आली होती का' हे लिहून घेतलं.

घाटवाट
लांबचा_थांबा यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यातून 'जाऊ नका' एवढंच निघतं असं नाही, 'कुठे थांबू नका' हेही निघतं. कोकणातल्या बऱ्याच जुन्या बाजारपेठा नदीकाठी, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या आहेत, कारण माल गलबतांनी यायचा. चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, माखजनला गड, चांदेराईला काजळी. राजापूरच्या जवाहर चौकात पाणी येणं तर दरवर्षीचं. म्हणून रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या रात्री बाजारपेठेतला स्वस्त लॉज नको. सड्यावरचं, उंचावरचं घर बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालेल.

भरतीच्या वेळा रोज बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला की नदीचं पाणी समुद्र आत घेत नाही, आणि ते मागे गावात पसरतं. मोबाईल बंद पडला तरी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच, आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला भरतीची वेळ तोंडपाठ असते.

घाटांचंही सांगतो, कारण परतीला रेल्वे नाही मिळाली तर तुम्ही घाटाकडेच बघणार. वरंधा पावसाळ्यात बहुतेक वेळा बंद ठेवतात. कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली यांतला एखादा दरडीनं बंद असला तर दुसरा चालू असतो. पण कुठला, हे त्या दिवशीच कळतं. गुगलचा नकाशा बंद घाटातूनसुद्धा रस्ता दाखवत राहतो. आगारातला वाहक खरं सांगतो.

खाडीकाठ
मी जयगडच्या अलीकडचा. तवसाळ-जयगड फेरीबोट पावसाळ्यातही चालते, पण वारा जोरात असला किंवा इशारा असला की बंद. मधे शास्त्रीची खाडी आहे, पावसात तिला ओढ फार. तवसाळच्या धक्क्यावर उभं राहून 'सुरू होईल' म्हणत बसू नका, तिथे आडोशाला फारसं काही नाही. गुहागरहून निघायच्या आधी फोन करून खात्री करा.

बंद असेल तर चिपळूणमार्गे भला मोठा वळसा घालायची गरज नाही. आबलोलीवरून भातगावच्या पुलानं खाडी ओलांडता येते. पुढे जाकादेवी, आणि तिथून गणपतीपुळ्याचा फाटा. सकाळी लवकर निघालात तर त्याच दिवशी पोचाल. जाकादेवीला गाड्या बऱ्या मिळतात. दाभोळ-धोपावे बोटीचंही तसंच, वारा बघूनच.

निळी_सॅक
आता एकट्या बाईच्या अडचणीबद्दल लिहिते, ज्यावर पुरुष सदस्य सहसा लिहीत नाहीत.

'सिंगलला खोली देत नाही.' हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. ऑफ सीझनमध्ये सगळ्या खोल्या रिकाम्या असतानाही. एकट्या पुरुषांनाही ऐकवतात. मालकाची भीती असते की एकटं माणूस जिवाचं काही बरंवाईट करेल आणि पोलिसांचं झेंगट मागे लागेल. एकट्या व्यक्तीला खोली देऊ नये असा कायदा नाही, पण संध्याकाळी सहाला पावसात कायद्यावर वाद घालून खोली मिळत नाही. मी जे करते ते असं:

मुक्कामाच्या गावी दुपारी तीनच्या आत पोचायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. तीनला नकार मिळाला तर अजून तीन दारं ठोठावता येतात, शेवटच्या एसटीनं तालुक्यालाही परत जाता येतं. सातला नकार मिळाला की हातात काहीच उरत नाही.

काउंटरवर बोलण्याऐवजी घरातल्या बाईशी बोलायचं. 'कुठून आलीस, उद्या कुठे चाललीस, घरी कोण आहे' याची सरळ उत्तरं दिली की निम्मी भीती तिथेच जाते. पुढच्या मुक्कामाच्या घराचा नंबर दाखवायचा. माझ्या आईशी फोनवर बोलणं करून देते. चाळिशीतल्या बाईनं आईला फोन लावून द्यायचा याचा मला आधी राग यायचा, आता येत नाही. समोरच्या माणसाची धास्ती खरी असते, आणि मला छप्पर हवं असतं.

आणि प्रत्येक यजमानाला विचारायचं, 'पुढच्या गावात तुमच्या ओळखीचं कोण?' कोकणात त्याचं उत्तर जवळपास नेहमी मिळतं. मावशी, माहेर, नाहीतर शाळेतले सर. त्या ओळखीनं मिळालेल्या घरात मला कधी 'सिंगल' म्हणून नकार आलेला नाही.

देवस्थानांची भक्तनिवासं चांगली असतात, पण एकट्याला देतात का हे प्रत्येकाचं वेगवेगळं आहे. आधी फोन करावा.

चहाबिस्किट
निळी_सॅक, तुमच्या आईंचा नंबर आम्हालाही द्या, खोल्या मिळतील :)

निळी_सॅक
आई आनंदानं बोलेल, पण आधी तुमची जेवणाची वेळ विचारेल.

भातखाचर
मी आडिवऱ्याजवळचा. आमच्याकडे घरगुती मुक्कामाच्या दोन खोल्या आहेत. पाहुण्यांना जुलैत घराला कुलूप का दिसतं ते सांगतो. भातलावणी. पाऊस लागला की आवण (भाताची रोपं) काढून खाचरात लावेपर्यंत घरातलं कोणी घरात नसतं. फोन उचलला जात नाही कारण तो पडवीत खुंटीला पिशवीत असतो आणि आम्ही गुडघाभर चिखलात. स्वयंपाकाला ठेवलेली बाईही तिच्या शेतावर. रात्री आठला फोन केलात तर हमखास उचलणार. दुपारी दहा वेळा करून 'बंद असेल' असं धरून चालू नका.

दुसरं, या दिवसांत पाहुण्यांसाठी वेगळा स्वयंपाक जमत नाही. आम्ही जे खातो ते मिळतं. सकाळी पेज, लोणचं, सुकटाची चटणी. ताज्या मासळीचा हट्ट धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बिनयांत्रिक होड्यांना बंदी नाही, पण खवळलेल्या समुद्रात त्या तरी किती जाणार? जुलैत कुठल्या हॉटेलात मोठी सुरमई ताजी म्हणून वाढली तर ती बर्फातली आहे असं समजा. खाडीतलं आणि ओढ्यात चढणारं मिळालं तर नशीब.

@लांबचा_थांबा, तुम्ही म्हणता ते दुःख आम्हीही जवळून बघितलंय. पण एक सांगू? मे महिन्यात दोन खोल्यांना दहा जण रांगेत असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये एक रुपया येत नाही. एकटं माणूस आलं, मिळेल ते खाल्लं, वेळेवर पैसे दिले, तर आम्हाला ओझं होत नाही. ओझं होतं ते चार गाड्या घेऊन धबधब्यावर दारू प्यायला येणाऱ्यांचं.

लांबचा_थांबा
भातखाचर, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. माझा विरोध थोडा कमी करतो, पण समुद्राबद्दल अजिबात मागे हटणार नाही. जून ते ऑगस्ट पाण्यात पाऊल नको. किनाऱ्यावरच्या कातळावर फोटोसाठी चढणं नको. लाट लहान दिसते आणि तिच्या मागून येणारी माणसाला ओढून नेते. हेदवीला बामणघळ आहे, तिथे भरतीचं पाणी घळीतून उसळतं ते बघायला लोक कडेला जातात. एकटं माणूस तिथे पडलं तर पडलेलं कोणी पाहणारही नाही. लांबूनच बघा.

कुडाचं_फूल
मी डॉक्टर आहे, ग्रामीण रुग्णालयात काही वर्षं काढली आहेत. धाग्यावर अजून तब्येतीचा विषय आला नाही म्हणून.

पाय. एकट्या चालणाऱ्याचा पाय गेला की सगळंच थांबतं. दिवसभर भिजलेल्या बुटात कातडी पांढरी पडते, सोलते, मग बुरशी. बंद बुटांपेक्षा पट्ट्याच्या मजबूत सँडल चांगल्या. संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करायची, रात्रभर कोरडे मोजे. फोड येण्याआधी जागा दुखू लागते, तेव्हाच चिकटपट्टी लावा.

लेप्टो. पायावर जखम किंवा भेगा असताना साचलेल्या पाण्यातून, शेतातल्या चिखलातून चालणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण. उंदराच्या आणि गुरांच्या मूत्रातून तो पाण्यात येतो. जखम झाकून ठेवा. प्रतिबंधक गोळी देतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच, कोणी सांगितलं म्हणून नाही. आणि हे फार महत्त्वाचं: घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना 'मी पावसाळ्यात कोकणात चिखलपाण्यात होते' हे आपणहून सांगा. शहरातल्या डॉक्टरच्या ते लगेच मनात येईलच असं नाही.

सर्पदंश. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर. लहान असतं, कातळावर दिसत नाही. रात्री विजेरीशिवाय अंगणातसुद्धा उतरू नका. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो पाय कमीत कमी हलवायचा, वेळ लक्षात ठेवायची, १०८ ला फोन. फोन लागत नसेल तर जे वाहन समोर असेल त्यानं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप पकडून आणायची गरज नाही. मुक्कामी पोचल्यावर पहिला प्रश्न 'वायफाय आहे का' ऐवजी 'जवळचं सरकारी रुग्णालय कुठे' हा विचारा.

बूट-सँडल सकाळी झटकून घाला. विंचवाचे दिवस आहेत. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रूढ केला, त्यामुळे कोकणातल्या सरकारी डॉक्टरांना तो चांगला माहीत असतो. भगताकडे वेळ घालवू नका.

एष्टीचा_पास
डॉक्टर, हा प्रतिसाद छापून सॅकमध्ये ठेवण्यासारखा आहे.

घाटवाट
अवांतर: छत्री की रेनकोट की पोंचो?

खाडीकाठ
छत्री. मोठी, लाकडी दांड्याची, काळी.

निळी_सॅक
किनाऱ्यावरच्या वाऱ्यात छत्री? पोंचो. सॅकही झाकली जाते, आणि बाथरूमबाहेर पडदा म्हणूनही चालतो.

घाटवाट
पोंचो वाऱ्यात तोंडावर येतो. रेनकोट.

भातखाचर
इरलं.

खाडीकाठ
विषय संपला. भातखाचर जिंकले.

पायवाट
:) चारही मतं टिपली. पण सॅकच्या आतलं कोरडं कसं ठेवायचं यावर कोणीतरी गंभीरपणे लिहा ना.

घाटवाट
लिहितो. सॅकवरचं रेनकव्हर पाठीच्या बाजूनं उघडंच असतं, पाणी तिथून आत येतंच. खरा बचाव आतून. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी, तिच्यात सगळं, तोंड पिळून दुमडून बांधायचं. शेतीच्या दुकानात जाड प्लॅस्टिक मीटरवर मिळतं, ते उत्तम. कागदपत्रं, पैसे, औषधं याशिवाय वेगळ्या झिपच्या पिशवीत.

कपड्यांचा एकच नियम, तो मोडायचा नाही. एक जोड फक्त रात्रीचा. तो कितीही मोह झाला तरी बाहेर घालायचा नाही. सकाळी ओले गार कपडे पुन्हा अंगावर चढवणं जिवावर येतं, पण दहा मिनिटांत अंगाच्या उबेनं सोसवतं. कोरडा जोड भिजला की रात्र गेली. सुती जीन्स घरी ठेवा, जुलैत ती वाळत नाही. यजमानांच्या चुलीवर मांडव असेल तर मोजे त्यावर. धुराचा वास येतो, येऊ दे. बूट नेलेच तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे आणि झोपण्याआधी एकदा बदलायचे.

मोबाईल भिजला तर लगेच बंद, सिम बाहेर, पुसून पंख्याखाली. चार्जिंगला लावायचा नाही, त्यानंच जास्त बिघडतो. तांदळात पुरून उपयोग नाही, उलट कोंडा आणि धूळ भोकात जाते. खरा उपाय आधीच करायचा असतो. बटणांचा एक साधा फोन, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून, बंद करून प्लॅस्टिकमध्ये. आणि दहा नंबर कागदावर पेननं. बॉलपेननं, शाईच्या नको.

एष्टीचा_पास
पैशांबद्दल. वीज गेली की काही तासांनी मोबाईलचा टॉवरही मान टाकतो, मग यूपीआय नाही, एटीएमही नाही. एसटीत हल्ली वाहकाकडे यूपीआय असतं, पण रेंज गेली की रोखच. रोख रक्कम तीन जागी विभागून, त्यातली निम्मी दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. पाचशेची मोड आडगावातल्या टपरीवर सकाळी कोणाकडेच नसते.

रुळांवरून
परतीच्या रेल्वेबद्दल. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. गाड्या मुद्दाम हळू चालवतात, समोरचं दिसेनासं होईल असा पाऊस असला की ताशी ४० किलोमीटरपर्यंत. त्यामुळे जुन्या ओळखीच्या वेळेवर स्टेशनात जाऊ नका, गाडी आधीच सुटून गेलेली असू शकते.

मार्ग बंद होणं दुर्मीळ नाही. २०२४ च्या जुलैत एकाच आठवड्यात आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि नंतर खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. दोन्ही वेळा गाड्या रद्द झाल्या, काही मिरज-लोंढामार्गे वळवल्या. गाडी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात. तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरल्यास तिकिटाचे पैसे मिळतात. तो अर्ज करायचा राहतो म्हणून लोकांचे पैसे बुडतात.

अडकायचंच असेल तर कुठे? कणकवली किंवा कुडाळ चांगलं, हायवे जवळ, एसटी मिळते. राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, तिथे रात्री उतरायचं टाळा.

परतीच्या दिवसानंतर किमान एक दिवस रजा शिल्लक ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस असलं की माणूस नको त्या गाडीत, नको त्या घाटात बसतो.

स्पितीत_सोलापूरकर
रुळांवरून यांच्या शेवटच्या मुद्द्यासाठी खास लॉगिन केलं. मी कोकणातला नाही, पण हिवाळ्यात एकट्यानं हिमाचलातल्या स्पितीला जातो. तिकडे कुंझुमचा घाट बंद असतो, म्हणजे मनालीकडून वाट नाही. शिमला-किन्नौरकडून रेकाँग पिओ ते काझा हिमाचल परिवहनची बस, तीही नाकोजवळच्या मलिंग नाल्यात दरड किंवा बर्फ नसेल तर. नळ गोठलेले, बॅटरी थंडीनं अर्ध्यावर येते म्हणून फोन झोपण्याच्या पिशवीत जवळ घेऊन झोपायचं. तुमच्याकडे पाणी जास्त, आमच्याकडे पाणी दगड झालेलं, पण अडचण एकच: रस्ता कधी उघडेल हे कोणालाच माहीत नसतं.

अशा वेळी मी एक गोष्ट शिकलो. निघण्याआधीच, घरी कोरड्या अंगानं बसून, परत फिरण्याच्या अटी वहीत लिहायच्या. 'सलग दोन दिवस बस नाही तर मागे.' 'ताप आला तर मागे.' 'रोख अमुक रकमेच्या खाली गेली तर मागे.' तिथे दमलेलं, भुकेलेलं असताना एकटं डोकं नीट निर्णय घेत नाही, आणि 'इतकं आलोय तर' म्हणत पुढे रेटतं. सोबत दुसरा असता तर त्यानं अडवलं असतं. इथे ती वही अडवते.

(जाता जाता, कोणी लडाखला जाणार असाल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.)

निळी_सॅक
@स्पितीत_सोलापूरकर, अगदी. त्याला जोडून: घरच्यांशी 'रोज फोन करीन' असं ठरवू नये. टॉवर गेला की तुम्ही सुखरूप पेज खात असता आणि घरी रडारड. 'चोवीस तास फोन नाही तर काळजी नको, अठ्ठेचाळीस तास झाले तर अमुक यजमानांना फोन करा, त्यानंतर ११२' असं लिहून द्यावं. रोजच्या मुक्कामाचं गाव आणि नंबर त्याच कागदावर.

मधलं_आळं
पावसाळ्यात किल्ले बंद असतात ना? मग मालवणपर्यंत जाऊन बघणार काय?

खाडीकाठ
जे पाण्यात आहेत ते बंद. सिंधुदुर्गाची आणि जंजिऱ्याची होडी मेअखेर थांबते. पण जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग हे जमिनीवरून जाता येणारे आहेत. विजयदुर्गाच्या तटावरून पावसाळी समुद्र बघणं हे मे महिन्यातल्या गर्दीत होणारच नाही. शेवाळ मात्र भयंकर, तटाच्या कडेला नको.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वहीत तीन अटी लिहिल्या आहेत. आषाढी बघून तारखा पुढे ढकलल्या. हेदवीनंतर बोट नाही मिळाली तर भातगावचा पूल. मालवण मिळालं तर मिळालं, विजयदुर्गावरून मागे फिरायची मनाची तयारी आहे.

एकच गाठ सुटत नाही. पूर्णगड ते आडिवरे हा टप्पा. नेटवर वेळा सापडत नाहीत. तो चालावा, की पावसहून थेट गाडी मिळते? आणि @भातखाचर, तुमच्याकडे एक रात्र थांबता येईल का?

भातखाचर
चालू नका. मधला रस्ता चढाचा आहे, वळणांवर गाड्या जोरात येतात आणि पावसात तुम्ही त्यांना दिसणार नाही. पूर्णगडचा किल्ला सकाळी बघून घ्या आणि मुख्य रस्त्यावर येऊन थांबा, रत्नागिरीहून किनाऱ्यानं येणारी गाडी तिथून जाते. वेळ इथे लिहीत नाही, शाळेमुळे आणि आषाढीमुळे बदलते. आदल्या रात्री आठनंतर फोन करा, त्या दिवशी गाडी किती वाजता आली ते सांगतो. गाडी चुकली तर पावसला मागे जा, तिथे राहायची सोय होते, आणि दुसऱ्या दिवशी या.

खोली आहे. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आडिवऱ्याला महाकालीच्या देवळाशी उतरा. रेंज नसेल तर समोरच्या दुकानात आमच्या वाडीचं नाव सांगा, पोरगा स्कूटर घेऊन येईल. जेवायला कुळथाची पिठी, भात, एखादी रानभाजी. आणि टॉवेल स्वतःचा आणा, पातळ पंचा असला तर उत्तम. आमचे टॉवेल जुलैत वाळत नाहीत.